लिंडन गल्लीतलं बिनसक्तीचं जेवण

चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गल्लीतल्या सगळ्यांनी रस्त्यावर टेबलं मांडून एकत्र जेवायचं, ही कल्पना मुळात कोणाची ते आता कोणालाच आठवत नाही. ती पार पाडायचं काम वेंडेल नोव्हाक यांच्या गळ्यात कसं पडलं, हे मात्र सगळ्यांना आठवतं. एका वर्षी ते ‘बघतो मी’ म्हणाले. निवृत्त माणसाने हे दोन शब्द तोंडातून काढू नयेत. त्यानंतर दरवर्षी जून उजाडला की गल्ली निवांत बसे आणि वेंडेल बघत.

वेंडेल हे आयोवातल्या त्या लहान गावात आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेले मास्तर. राज्यघटना, सिनेट, सुप्रीम कोर्ट हे सगळं त्यांनी इतक्या वेळा शिकवलं होतं की त्यांची बायको आर्लीन कपड्यांच्या घड्या घालता घालता ते म्हणून दाखवी. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. तरी सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती, असं विचारलं तर गाव आभाळाकडे बघे. मास्तरांच्या जिवाला हे लागायचं. उत्तर फक्त शेजारच्या मर्ल डॉब्सला ठाऊक होतं, आणि तो मास्तरांचा चेहरा पाहण्यासाठी मुद्दाम ‘दहा’ म्हणायचा.

मर्ल हा गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणारा. घराच्या पुढच्या गॅरेजमध्येच त्याचं दुकान. साठी नुकतीच उलटलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मर्लचं आणि मास्तरांचं परस लागून होतं. मध्ये उंच लाकडी कुंपण आणि कुंपणाला फाटक. ते फाटक कधी लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सकाळी मर्ल त्यातून कॉफी प्यायला येई, मास्तरांशी सगळ्या विषयांवर भांडे आणि ताजातवाना होऊन कामाला जाई. मास्तरांचीही पचनशक्ती त्या भांडणावरच चालत असावी, असं आर्लीनचं मत होतं.

त्या दोन वर्षांत भांडणाचा विषय एकच होता. सगळ्यांनी आरोग्य विमा घेतलाच पाहिजे, नाही घेतला तर दंड, असा कायदा झाला होता आणि तो सुप्रीम कोर्टात जाऊन पडला होता.

“मी काय विकत घ्यायचं ते मी ठरवणार,” मर्ल म्हणे. “उद्या सांगतील, ब्रोकोली घ्या.”

“ब्रोकोली न खाल्ल्याने तुझा खर्च शेजाऱ्यावर पडत नाही. विमा न घेतल्याने पडतो.”

“मी कधी आजारी पडलोय?”

“अजून नाही पडलास.”

“मग मास्तर, पडेन तेव्हा बघू.”

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग जूनच्या अखेरीला निकालाची सकाळ उजाडली, आणि टीव्हीवाल्यांनी घात केला. निकाल होता जवळजवळ दोनशे पानांचा. एका वाहिनीने पहिलं पान वाचलं, पुढचं वाचायला दम धरवेना, आणि जाहीर करून टाकलं की विम्याची सक्ती रद्द. मर्ल हातात पाना घेऊनच फाटकातून धावत आला. त्याने मास्तरांना मिठी मारली.

“वाईट वाटून घेऊ नकोस, मास्तर. तुझंच कोर्ट आहे. चांगलं कोर्ट आहे.”

मास्तरांना आतून फार लागलं; पण त्यांनी ते थोर मनाने गिळलं. लोकशाहीत असं व्हायचंच, असं म्हणून त्यांनी कॉफी ओतली आणि आर्लीनने स्वतःसाठी ठेवलेला चेरी केकचा शेवटचा तुकडा मर्लपुढे केला. मर्लने अर्धा खाल्ला असेल-नसेल, तोच टीव्हीवरची बाई घाईघाईने माफी मागू लागली. कायदा टिकला होता. सक्ती म्हणून नव्हे, पण विमा न घेणाऱ्यावरचा कर म्हणून तो चालेल, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं होतं.

शहाण्या माणसाने अशा वेळी टीव्ही बंद केला असता आणि हवापाण्याचा विषय काढला असता. मास्तर उभे राहिले. त्यांनी निकाल समजावून सांगितला. तो समजावताना त्यांचा हात खडू धरल्यासारखा हवेत फिरत होता. आणि शेवटी, का कोण जाणे, ते म्हणाले, “तेव्हा आता मुकाट्याने जायचं आणि विमा काढायचा. आणि तो केक परत ठेव.”

केकचं ते थट्टेत म्हणाले होते. पण थट्टा आणि निकाल एकाच दमात सांगितले की ऐकणाऱ्याला थट्टा ओळखू येत नाही. मर्लने बशी खाली ठेवली. “मुकाट्याने,” असं एकदा म्हणाला, आणि गेला. दुपारी कुंपणाच्या पलीकडून ड्रिलचा आवाज आला. मर्लने फाटकाला आपल्या बाजूने कडी बसवली होती.

“अगं, मी निकालाबद्दल बोललो,” मास्तर म्हणाले.

“तू माणसाला घास घेताना बोललास,” आर्लीन म्हणाली. “आणि केक माझा होता.”

दुसऱ्या दिवसापासून मास्तर एकटेच कॉफी प्यायला लागले. त्यांनी निकालाची सगळी पानं छापून घेतली आणि फाटकाकडे पाठ करून वाचायला बसले. कॉफी अर्धी तशीच गार होई. आपल्या वयात नवा मित्र मिळत नाही आणि जुना कडी लावून बसला, या विचाराने त्यांना ओळीच्या ओळी डोळ्यांपुढून जाऊनही काही समजत नव्हतं.

अशात चार जुलै तोंडावर आला. रस्ता बंद करायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते. खिडकीत टॅमी होती. मास्तरांची विद्यार्थिनी, कायम मागच्या बाकावरची.

“सर, यंदा एक नवीन आहे. कार्यक्रमाचा विमा लागेल. कोणी पडलं-झडलं तर.”

“सक्तीचा?”

“हो सर. त्याशिवाय रस्ता नाही मिळत.”

“टॅमी, विम्याची सक्ती असावी की नसावी यावरून अख्खा देश भांडतोय, आमची गल्लीही त्या जेवणात त्याच्यावरच भांडणार, आणि ते भांडण करायला आधी विमा सक्तीचा? यातली गंमत तुझ्या लक्षात येतेय का?”

टॅमीने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही सर. आणि रस्त्यावरच्या प्रत्येक घरची सही पण लागेल. एकही घर सुटलं तर साहेब परत पाठवतात.”

विमा विकणारा कर्टिस ऑस्टर गल्लीतच राहत होता. त्याने मास्तरांना खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. पोरांना उड्या मारायचा हवेचा किल्ला असेल का, घोडे आणणार का, दारू किती, फटाके किती. फटाक्यांचा प्रश्नच नव्हता. त्या उन्हाळ्यात ऊन असं पडलं होतं की मका उभ्याउभ्या वाळत होता आणि अग्निशमनवाल्यांनी गावभर आतषबाजीवर बंदी घातली होती. ‘शेजाऱ्यांमध्ये राजकारणावर चर्चा होईल का’ हा एकमेव खरा धोका होता, आणि तो कर्टिसच्या प्रश्नांत कुठेच नव्हता. मास्तरांनी तसं सुचवून पाहिलं. कर्टिस म्हणाला, “त्याला कुठलीच कंपनी उभी राहणार नाही, सर.”

आता राहिली सही. गल्लीतल्या सगळ्यांनी सल्ले दिले. रस्त्याच्या टोकाच्या फ्लूगरबाई म्हणाल्या, मर्लकडे पाठवू नका कोणाला, त्याची सही मीच करते, मला जमते. फ्लूगरबाई दरवर्षी जेवणाला कागदी रुमालांचं एक पुडकं आणत आणि जाताना डब्यांतून दोन दिवसांचं जेवण नेत. मास्तरांनी नागरिकशास्त्राच्या नावाने नकार दिला आणि ते स्वतः गॅरेजकडे गेले.

मर्ल स्टुलावर बसला होता. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताने पित्तावरच्या पांढऱ्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकत होता. मास्तरांनी ते पाहिलं, आणि आपल्याला बघूनच याचं पित्त खवळलंय असा अर्थ लावला. मास्तरांना तेव्हा सगळ्या गोष्टींचा अर्थ स्वतःकडूनच लागत होता.

“सही पाहिजे,” मास्तर म्हणाले.

“सक्ती आहे?”

“विनंती आहे.”

मर्लने पुसायच्या फडक्याला हात पुसले. “करतो. एका अटीवर. ते अक्षरांचं बंद करायचं.”

अक्षरांचं म्हणजे असं, की जेवणाला कोणी काय आणायचं हे आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरलेलं असे. ए ते एच यांनी मांसाचे पदार्थ, आय ते पी यांनी सॅलड, क्यू ते झेड यांनी गोड. ही पद्धत आर्लीनची होती आणि राज्यघटनेच्या खालोखाल मास्तरांना तीच प्रिय होती. डॉब्स म्हणजे डी. मर्ल दरवर्षी तेलाच्या पिंपाची भट्टी ओढत आणायचा आणि पहाटेपासून डुकराच्या बरगड्या धुरावर शिजवायचा. खरं तर सगळी गल्ली जेवायला येई ती त्या बरगड्यांसाठीच.

“पण तू तर आपण होऊन आणतोस,” मास्तर म्हणाले.

“तेच म्हणतोय. मी आपण होऊन आणतो, आणि तू लिहितोस की डी-वाल्यांनी आणायचं. मग ते तुझं झालं, माझं कुठे राहिलं? ज्याला जे वाटेल ते त्याने आणावं. माणसांवर विश्वास ठेव की जरा, मास्तर.”

हे वाक्य मास्तरांना झोंबलं, कारण ते त्यांना थोडंसं पटलं. ते ‘ठीक आहे’ म्हणाले. मर्लने सही केली. फाटक उघडण्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

आर्लीनने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “अरे, सोपं होतं. आणायची सक्ती नाही, पण जो आणणार नाही त्याने भांडी घासायची. दोनशे पानं वाचून तुझ्या कोर्टाने हेच सांगितलंय ना?”

मास्तरांनी निकालाची पानं पुढे ओढली. ते अजून चाळिसाव्या पानावर होते.

चार जुलैला दुपारी रस्त्याच्या दोन्ही तोंडांना नगरपालिकेचे लाकडी अडसर लागले. टेबलं मांडली, झेंडे लागले, मास्तरांनी लाल-पांढरा-निळा टाय बांधला. माणसं आपापली भांडी घेऊन येऊ लागली. कर्टिसने झाकण काढलं, बटाट्याचं सॅलड. पलीकडच्या नव्या जोडप्याने काढलं, बटाट्याचं सॅलड. एकात अंडी जास्त, एकात मोहरी जास्त, एकात कोणीतरी धीर करून बेदाणे घातलेले. पण टेबल संपेपर्यंत सगळं बटाट्याचंच. प्रत्येकाने एकच हिशेब केला होता. बरगड्या मर्ल आणणारच, गोड कोणीतरी आणेलच, आपण आपलं बटाट्याचं करावं. फ्लूगरबाईंनी मात्र परंपरा राखली होती. त्या रुमाल घेऊन आल्या होत्या.

मर्ल आला नव्हता. बरगड्याही आल्या नव्हत्या.

“बघितलंत?” नव्या जोडप्यातला नवरा म्हणाला. “ठरवून दिलं नाही की असं होतं. म्हणून विम्याची सक्ती पाहिजे.”

“काय संबंध?” कर्टिस म्हणाला. “दरवर्षी ठरवून दिलेलं असतं. तरी फ्लूगरबाई काय आणतात?”

“माझं नाव काढू नकोस हं, मेल्या!”

“मी म्हणतो, खायला सगळ्यांना पाहिजे, आणायला कोणी नको. कोर्टाने बरोबर केलं.”

“कोर्टाने केलं ते चूक! कर आहे की दंड आहे ते नीट सांगता येईना त्यांना!”

“नऊ माणसं मिळून—”

“नऊ!” मास्तर आनंदाने ओरडले. “शाबास! कोण बोललं ते?”

कोणी ऐकलं नाही. बेदाण्यांच्या सॅलडवरून चमचे हलवत माणसं एकमेकांना राज्यघटना शिकवत होती आणि उन्हात अंड्याचं मेयोनेज हळूहळू पिवळं पडत होतं. आर्लीन भांडी उचलून घरात नेऊ लागली. मग मर्लवर घसरले सगळे. रुसून बसलाय, आडमुठा आहे, कोर्टाचा राग बरगड्यांवर काढतोय.

मास्तरांना ते ऐकवेना. मर्लला आडमुठा म्हणायचा हक्क त्यांचा एकट्याचा होता. ते उठले आणि मर्लच्या पुढच्या दाराशी गेले. दारावरची घंटा कित्येक वर्षं बंद होती. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी हे असंच असतं. गॅरेजचं शटर बंद. खिडकीतला एसी गाडीसारखा घरघरत होता. त्यांनी दार ठोठावलं, हाका मारल्या. उत्तर नाही. पण मागच्या परसातून धुराचा वास येत होता. मर्लने भट्टी पेटवली होती तर! मग आला का नाही?

ते आपल्या परसात धावले. फाटकाला पलीकडून कडी. बागेतली खुर्ची ओढून ते कुंपणावर चढले. एक पाय पलीकडे गेला, दुसरा जाईना, आणि तो लाल-पांढरा-निळा टाय एका फळीच्या टोकात अडकला. स्वातंत्र्यदिनी, स्वातंत्र्यदिनाच्या टायने, साठी ओलांडलेला नागरिकशास्त्राचा शिक्षक कुंपणावर लोंबकळत होता, आणि फ्लूगरबाई रस्त्यावरून ओरडल्या, “अगंबाई, मास्तर फास घेतायत!”

पँट फाटली, टाय सुटला, मास्तर पलीकडे पडले. घोट्यात कळ गेली. समोर भट्टी धुमसत होती, बरगड्या कोळसा होत आल्या होत्या, आणि मर्ल मागच्या पायऱ्यांवर पोट धरून वाकून बसला होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

“मर्ल!”

“बरगड्या उलटव आधी,” मर्ल कण्हत म्हणाला.

“खड्ड्यात गेल्या बरगड्या! कधीपासून दुखतंय?”

“पहाटेपासून. आधीपासून, पण... पहाटेपासून जास्त.”

“अँब्युलन्स बोलावतो.”

“नको! अँब्युलन्स नको, मास्तर. तुझे पाय धरतो. माझा विमा नाही. नुसतं दारात उभं राहायचे हजारो लावतात ते.”

मास्तरांना त्या क्षणी खूप काही बोलता आलं असतं. दोन वर्षांचा वाद ते एका वाक्यात जिंकले असते. ते मर्लशेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “माझ्या गाडीने जाऊ,” एवढंच ते म्हणाले. मग लंगडत जाऊन त्यांनी फाटकाची कडी काढली.

गाडी बाहेर काढायची तर रस्त्यात सगळी गल्ली जेवायला बसलेली. परवान्याप्रमाणे अडसर संध्याकाळपर्यंत हलवायचे नव्हते. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा परवान्याचा विचार केला नाही. फ्लूगरबाईंची ओरड ऐकून धावलेले कर्टिस आणि नव्या जोडप्यातला नवरा मर्लला दोन्हीकडून धरून आणताना दिसले, आणि वाद मध्येच तुटला. कोणी काही सांगितलं नाही, कोणी काही ठरवलं नाही. टेबलं उचलली गेली, अडसर बाजूला झाले, फ्लूगरबाईंनी सॅलडचं सगळ्यांत मोठं पातेलं दोन्ही हातांनी कवटाळून पदपथावर उडी मारली. गाडी आर्लीनने चालवली. मागच्या सीटवर मर्ल पोट धरून आणि मास्तर घोटा धरून बसले होते.

इस्पितळाच्या खिडकीत पहिला प्रश्न आला, “विमा?”

“त्याचा आहे,” मर्ल मास्तरांकडे बोट दाखवून म्हणाला. “घोट्याचा.”

पित्ताशयात खडे निघाले. रात्र व्हायच्या आत मर्लला ऑपरेशनला नेलं. मास्तरांच्या घोट्याला प्लास्टर बसलं. थोड्या वेळाने बाहेरच्या खुर्च्यांवर सगळी गल्ली येऊन बसली, आणि जेवायची वेळ झाल्यामुळे कोणीतरी आर्लीनने थंड ठेवलेलं बटाट्याचं सॅलड आणलं. पहारेकऱ्यापासून नर्सपर्यंत सगळ्यांना खाऊ घातलं. रुमाल फ्लूगरबाईंचे होते, आणि ते पहिल्यांदाच पुरले.

मर्ल घरी आला तो बिल घेऊनच. त्याने ते कोणाला दाखवलं नाही. पण गावात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये मदतीचं जेवण ठेवायचं. येणाऱ्याने जेवायचं आणि दारातल्या डब्यात जमेल ते टाकायचं. मर्लच्या कानावर गेलं तेव्हा त्याने दार लावून घेतलं.

“मी कोणाचं खाणार नाही,” तो एसीच्या घरघरीतून ओरडला. “मी पंगतीत बसणार, आणि लोक माझ्याकडे बघत डब्यात नोटा टाकणार? मी येणार नाही. सांग त्यांना.”

मास्तर कुबडीवर परत आले. मर्लला तोंड वर करून जेवता येणार नसेल तर ते जेवण कशाला, असं त्यांना वाटत होतं, आणि सांगावं कसं ते सुचत नव्हतं. आर्लीनने ऐकून घेतलं. मग तिने एक मोठा पुठ्ठा घेतला आणि त्यावर ठळक लिहिलं: ए ते एच, मांस. आय ते पी, सॅलड. क्यू ते झेड, गोड. खाली बारीक अक्षरांत: न आणणाऱ्याने भांडी घासायची. तो पुठ्ठा तिने कुंपणावर, मर्लला स्वयंपाकघरातून दिसेल असा, खिळ्याने ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर परसात कॉफी घेऊन बसले होते. फाटक करकरलं. मर्ल आत आला, पोटावर हात ठेवून, हळूहळू. बसला. आपल्या कपात कॉफी ओतून घेतली. अंगठ्याने कुंपणापलीकडच्या पुठ्ठ्याकडे खूण केली.

“डी म्हणजे मांस,” तो म्हणाला.

“डी म्हणजे मांस.”

“माझ्याच जेवणाला?”

“आडनाव तुझंच आहे ना?”

“ही सक्ती आहे का, मास्तर?”

“नाही. तुला सूट आहे. भांडी घासू शकतोस.”

मर्लने विचार केल्यासारखं केलं. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून तो उघड्या फाटकातून पलीकडच्या भट्टीकडे बघू लागला. “अख्ख्या गावाची भांडी. या पोटाने.”

“कोर्टाचा निकाल आहे.”

“पाच विरुद्ध चार?”

“आर्लीनचं कोर्ट आहे. तिथे एकच न्यायाधीश.”

“मग इलाज नाही,” मर्ल म्हणाला. “पण भट्टी तुला ओढावी लागेल. डॉक्टरने मला उचलायला मनाई केलीय.”

आणि मास्तर प्लास्टरमधला पाय घेऊन उठले.